सजल व निर्जल लवणे

सजल व निर्जल लवणे : धन व ऋण विद्युत् भारित आयनांपासून बनलेल्या अनेक घन संयुगांच्या स्फटिकांत पाण्याचे रेणू ठराविक प्रमाणात अंगभूत असतात. अशा संयुगांना सजल लवणे किंवा हायड्रेटे म्हणतात व त्यांतील पाण्यास स्फटिकजल म्हणतात. हे पाणी काढून टाकल्यावर उरणाऱ्या संयुगास निर्जल लवण ही संज्ञा आहे. मोरचूद, तुरटी, हिराकस, टाकणखार, धुण्याचा सोडा व चिरोडी (जिप्सम) ही व्यवहारातील परिचित सजल लवणे होत. सजल लवण आणि ओले लवण यांत मूलभूत फरक आहे. ओल्या मिठातील पाणी कमीजास्त असते व ते टिपकागदाने टिपता येते. याउलट मोरचुदाचा खडा हाताला पूर्ण कोरडा लागतो, तरी त्याच्या वजनाचा ३६ टक्के भाग पाण्याचाच असतो आणि हे प्रमाण कोणत्याही शुद्ध खड्यात बदलत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पारदर्शक स्फटिकात तर पाण्याचा वाटा सु. ६३ टक्के असतो. दुकानातून अशा स्फटिकांचा एक किलोग्रॅम आणणारा गृहस्थ निम्म्याहून अधिक पैसे पाण्याचेच देत असतो.

या पाण्याचे स्वरूप तराजूने उलगडले. आंत्वान लॉरां लव्हॉयझर यांनी १७६५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जिप्समाविषयी निबंध वाचला. जिप्सम तापविले असता त्यातून शुद्ध पाणी बाहेर पडते आणि उरलेली भुकटी पाण्याने भिजवून घट्ट होऊ दिली म्हणजे ती तेवढेच पाणी परत घेते, असे त्यांनी वजने करून दाखविले. प्लॅस्टर का घट्ट होते या गवंड्यांच्या जुन्या कोड्याचे हे पहिले समाधानकारक उत्तर होते.

संरचना : पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनाकडील टोक किंचित ऋण व हायड्रोजनाकडील टोके किंचित धन असतात. त्यामुळे ऑक्सिजनाचे टोक धन आयनाकडे वळते व हायड्रोजन ऋण आयनांशी दुर्बल बंध साधतात. धन आयन जितका लहान व त्याचा विद्युत् भार जितका अधिक तितका तो पाण्यास घट्ट धरतो. म्हणून पोटॅशियम क्लोराइड निर्जलच स्फटिकरूप होते. खाण्याचे मीठ (सोडियम क्लोराइड) नेहमीच्या तापमानास निर्जल असते व सु. ०° से. खालीच पाण्याचे दोन रेणू घेते. मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे मात्र प्रत्येकी सहा रेणू बाळगून असतात.

स्फटिकातील सगळे पाणी एकाच प्रकारे बांधलेले असते असे नाही. मोरचुदात तांब्याच्या प्रत्येक आयनामागे पाण्याचे पाच रेणू असतात. त्यांपैकी चार तांब्याभोवती असून पाचवा सल्फेट आयनांच्या व इतर पाण्याच्या सान्निध्यात हायड्रोजन बंधांनी जखडलेला असतो, हे बीव्हर्स व लिप्सन यांनी १९३४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केले. तापविल्यावर सर्वांत शेवटी जाणारा रेणू म्हणजे हाच पाचवा, असे पाठ्यपुस्तकांत सर्रास सांगतात. तथापि प्रत्येक टप्प्यास जालक नव्याने रचले जात असल्याने असा थेट संबंध जोडणे योग्य नाही. पोटॅशियम तुरटीतील बारा रेणूंपैकी सहा ॲल्युमिनियमाच्या व सहा पोटॅशियमाच्या सभोवती असतात. टाकणखाराच्या सूत्रात परंपरेने दहा रेणू लिहितात. त्यांतील खरे पाणी आठच रेणूंचे असून उरलेले हायड्रॉक्सिल गटांच्या रूपाने बोरेट आयनाचाच भाग झालेले असते.

पाण्याचे स्थान बदलले की पदार्थाचे गुणही बदलतात. सहा पाण्याचे क्रोमियम क्लोराइड एका रूपात जांभळे, तर इतर रूपांत हिरवे असते. रासायनिक संघटन मात्र एकच. जांभळ्या लवणाच्या विद्रावातील तिन्ही क्लोराइडे सिल्व्हर नायट्रेटाने साक्याच्या रूपात ताबडतोब मिळतात, हिरव्यांपैकी एकाची दोन व दुसऱ्याचे एकच मिळते. उरलेली क्लोराइडे धातूला चिकटलेली असून पाण्याने त्यांची जागा सोडलेली असते. आल्फ्रेट व्हेर्नर यांच्या सहसंबद्ध संयुगांच्या सिद्धांतास (१८९३) अशा निरीक्षणांचा मोठा आधार मिळाला.

बाष्पदाब व स्थैर्य : सजल लवण हवेत टिकणार की नाही, हे त्याच्या बाष्पदाबावर अवलंबून असते. बंद भांड्यात ठेवलेल्या सजल लवणावर पाण्याच्या वाफेचा ठराविक दाब निर्माण होतो. २५° से.ला पाच पाण्याचे मोरचूद तीन पाण्याच्या रूपाशी समतोलात असताना हा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या सु. ७.८ मिमी. एवढा असतो, तीन पाण्याचे रूप व एक पाण्याचे रूप यांच्यात तो ५.६ मिमी. आणि एक पाण्याचे रूप व निर्जल रूप यांच्यात केवळ ०.८ मिमी. असतो. निर्जलीकरण सरळ उतारावरून नव्हे, तर पायऱ्यांनी होते, हे या आकड्यांवरून दिसते. भोवतालच्या हवेतील वाफेचा दाब लवणाच्या दाबाहून कमी असेल, तर लवण पाणी सोडते, त्याचे पृष्ठ पांढरे होते व स्फटिकाची भुकटी होते. या क्रियेस फुलणे म्हणतात.

तापमानाबरोबर हा दाब झपाट्याने वाढतो. ५०° से.ला मोरचुदाचा पहिला दाब ४७ मिमी. होतो. मे महिन्यात नागपूरचे दुपारचे तापमान ४५° से.च्या घरात व सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेतील वाफेचा दाब १५ मिमी.हून कमी भरतो. म्हणून पावसाळ्यात वर्षानुवर्षे चकचकीत राहणारे निळे खडे उन्हाळ्यात उघड्या पोत्यात फिकट व पिठाळ होऊ लागतात. हे मोरचूद बिघडले असा समज चुकीचा आहे. ते अधिक तीव्र झालेले असते. चूक होते ती त्याचे वजन जुन्या हिशेबाने धरण्यात.

संत्र्याच्या बागांत हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. डिंक्या रोगाच्या प्रतिबंधासाठी झाडांच्या बुंध्यांना मोरचूद व चुना यांची बोर्डो मलम लावतात आणि इतर बुरशीजन्य रोगांवर बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किग्रॅ. मोरचूद व १ किग्रॅ. चुना घेण्याची पद्धत आहे. फ्रान्समधील बोर्दो परिसरातील द्राक्षमळ्यांत मीयार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण प्रचारात आणले. त्यातील १ किग्रॅ. हे पाच पाण्याच्या निळ्या स्फटिकांचे वजन असून त्यात तांबे सु. २५५ ग्रॅ. असते. पूर्ण निर्जल पांढरी भुकटी घेतल्यास तेवढेच तांबे सु. ६४० ग्रॅ. मध्ये मिळते. फुललेली भुकटी किलोभर वापरली, तर तांबे ठरल्याहून वाढते. चुना अपुरा पडला, तर आम्लधर्मी मिश्रणाने कोवळी पाने जळतात. लोखंडी चाकूचे पाते मिश्रणात बुडवून त्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो का, हे पाहण्याची बागायतदारांची जुनी परीक्षा या दृष्टीने चांगली आहे. 

सोडा आणि लोणारचे क्षार : धुण्याचा सोडा म्हणजे दहा पाण्याचे सोडियम कार्बोनेट. ३२° से.ला ते सात पाण्याच्या रूपात व ३५.४° से.ला एक पाण्याच्या रूपात जाते. सुटलेले पाणी त्याच वेळी बाहेर पडत असल्याने स्फटिक आपल्याच पाण्यात विरघळल्यासारखे ओलसर होतात. नागपूर-अमरावतीकडील उन्हाळ्यात दशजलीय सोडा हा स्थिर पदार्थ नाही. बाजारात हल्ली मिळणारी पांढरी भुकटी ही बहुधा निर्जलच असते. दहा पाण्याच्या सोडियम सल्फेटाची म्हणजे ग्लॉबर लवणाची अशीच स्थिती ३२.४° से.ला होते. या संक्रमणात ते प्रत्येक किलोग्रॅममागे सु. २५० किलोजूल उष्णता शोषते व थंड होताना ती परत देते. म्हणून सौर उष्णता साठविण्यासाठी त्याचे प्रयोग झाले आहेत. मात्र वारंवार वितळविल्यावर निर्जल लवण तळाशी बसते व वरच्या विद्रावाशी पुन्हा पुरते संयोग पावत नाही, ही अडचण आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर म्हणजे या लवणांची निसर्गातील प्रयोगशाळाच होय. सु. १.८ किमी. व्यासाच्या या आघाती विवरातील पाणी क्षारयुक्त असून त्यात सोडियमाची कार्बोनेटे, बायकार्बोनेटे व क्लोराइड असतात. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षारांचे थर बसत. ते गोळा करण्याचा धंदा जुना असून आईन-इ-अकबरी मध्ये येथे काच व साबण यांस लागणारी द्रव्ये मिळत असल्याचा उल्लेख आहे. गोळा करणारे लोक स्फटिकांच्या आकारावरून व कसावरून दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे देत. पाण्यात कार्बोनेटाबरोबर बायकार्बोनेटही असल्याने ट्रोना हे दोघांचे मिळून बनलेले, दोन पाण्याचे लवण येथे मुख्यत्वे निपजते. तळच्या गाळात गेल्युसाइट हे सोडियम व कॅल्शियम यांचे पाच पाण्याचे दुहेरी कार्बोनेटही सापडले आहे. ते फक्त पाणी फार आटून सोडियमाचे प्रमाण वाढल्यावरच तयार होते. गोड्या पाण्यात त्यातील सोडियम कार्बोनेट निघून जाते व कॅल्साइट उरते. त्यामुळे गाळाच्या ज्या थरांत गेल्युसाइटाचे स्फटिक मिळतात, ते थर अवर्षणाच्या काळातील होत. त्यांवरून सु. ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी व पुन्हा सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वी मध्य भारतात पाऊस दीर्घकाळ दुर्बल होता, असे अनुमान २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काढले आहे. पर्जन्यमापक नसलेल्या काळातील पावसाची नोंद एका सजल लवणाने जपून ठेवावी, हे विशेष आहे.

पाणी शोषणारी लवणे : फुलण्याच्या उलट क्रियेत लवण हवेतील वाफ घेऊन प्रथम सजल होते व नंतर त्या पाण्यातच विरघळून जाते, याला चिघळणे म्हणतात. कॅल्शियम क्लोराइड हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पावसाळ्यात मीठ पाझरते त्याचे बरेचसे कारण मिठातील मॅग्नेशियम क्लोराइडाचे अल्प मिश्रण होय. शुद्ध मीठ सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यावर चिघळते, मॅग्नेशियम क्लोराइड मात्र सु. ३३ टक्क्यांनाच. निर्जल लवणांच्या या ओढीचा उपयोग द्रव व वायू कोरडे करण्यासाठी करतात. मद्यार्कात पाणी आहे का, हे पाहण्यासाठी पांढरे निर्जल कॉपर सल्फेट टाकतात. ते निळे झाले तर पाणी आहे. निर्जल कोबाल्ट क्लोराइड निळे व सहा पाण्याचे गुलाबी असल्याने ते आर्द्रतादर्शक म्हणून वापरीत.

लाही : भारतीय रसशास्त्रात सजल लवणांचे निर्जलीकरण ही नित्याची प्रक्रिया आहे. तुत्थ (मोरचूद), कासीस (हिराकस) व कांक्षी (तुरटी) ही द्रव्ये रसरत्नसमुच्चयाने महारस व उपरस या वर्गांत घातली आहेत. तुरटी किंवा टाकणखार लोखंडी पात्रात तापविला म्हणजे तो प्रथम आपल्या स्फटिकजलात वितळतो, उकळतो व शेवटी फुगून पांढरा, हलका, सच्छिद्र होतो. ही त्याची लाही. तुरटी ९२° से.च्या सुमारास वितळते व तिच्यातील पाणी वजनाच्या सु. ४६ टक्के असते; टाकणखारात ते सु. ४७ टक्के असते. पाणी निघून गेल्याची खूण म्हणून फुगणे व चरचर आवाज पूर्ण थांबेपर्यंत तापविण्याचा संकेत आहे आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही तो बिनचूक आहे. लाहीची मात्रा व कच्च्या द्रव्याची मात्रा एक धरता येत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. एक भाग लाहीमागे कच्ची तुरटी जवळजवळ दोन भाग लागते. नागपुरात सक्करदरा भागात असलेल्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात, तसेच अन्य आयुर्वेद महाविद्यालयांत, रसशास्त्र हा अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि ही लाही विद्यार्थी स्वतः करून पाहतात.

सर्व लवणांचे पाणी नुसत्या उष्णतेने असे निमूटपणे निघत नाही. सहा पाण्याचे मॅग्नेशियम क्लोराइड तापविले, तर पाणी जाता जाता लवणाशीच विक्रिया करते. हायड्रोक्लोरिक अम्लाची वाफ बाहेर पडते व ऑक्सिक्लोराइड उरते. निर्जल लवण हवे असल्यास ते हायड्रोजन क्लोराइडाच्या प्रवाहात तापवावे लागते. ॲल्युमिनियम क्लोराइडाचेही असेच आहे. उष्णता देणे व पाणी टाकणे एवढ्यावर सजल आणि निर्जल रूपांत मनास येईल तसे ये-जा करता येते, हा समज मोरचुदावरून झालेला आहे आणि तो मोरचुदापुरताच बरा आहे.

जिप्सम आणि प्लॅस्टर : कॅल्शियम सल्फेटाची तीन रूपे व्यवहारात महत्त्वाची आहेत. दोन पाण्याचे जिप्सम (पाणी २०.९ टक्के), अर्ध्या पाण्याचे प्लॅस्टर ऑफ पॅरिस (पाणी ६.२ टक्के) आणि निर्जल ॲनहायड्राइट. अर्ध्या पाण्याचे म्हणजे कॅल्शियम सल्फेटाच्या दोन सूत्रांमागे पाण्याचा एक रेणू. भारतातील जिप्समाचे बहुतेक उत्पादन राजस्थानातून होते. ते सु. १२०° ते १८०° से. दरम्यान भाजले म्हणजे तीनचतुर्थांश पाणी जाऊन प्लॅस्टर मिळते. पॅरिसजवळच्या माँमार्त्रच्या खाणींतील जिप्समापासून ते पूर्वी करीत, म्हणून हे नाव. अधिक भाजल्यास पाणी पूर्ण जाते आणि फारच तापविलेले ॲनहायड्राइट पाण्यास दाद देत नाही. त्यास मृत प्लॅस्टर म्हणतात.

प्लॅस्टर घट्ट होण्याची क्रिया वरवर वाळण्यासारखी दिसते, पण ती त्याच्या उलट आहे. त्यात पाणी जात नसून बांधले जाते. ल शाटल्ये यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या स्पष्टीकरणानुसार अर्ध्या पाण्याचे रूप जिप्समाच्या तिपटीहून अधिक विद्राव्य असल्याने ते प्रथम विरघळते. तो विद्राव जिप्समाच्या दृष्टीने अतिसंतृप्त होतो व त्यातून जिप्समाचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतत वाढतात. या गुंतण्यातच प्लॅस्टराचे बळ असते. १०० किग्रॅ. प्लॅस्टरास रासायनिक संयोगासाठी १८.६ किग्रॅ. पाणी पुरते. कालवण ओतण्याजोगे पातळ व्हावे म्हणून प्रत्यक्षात ६० ते ८० किग्रॅ. घालतात. जादा पाणी मागाहून उडून जाते व त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. वस्तू त्यामुळे हलकी होते. घट्ट होताना प्लॅस्टर किंचित प्रसरण पावते व साच्यातील बारीक रेघही उचलते. डच लष्करी शल्यचिकित्सक मातायसेन यांनी १८५२ मध्ये अस्थिभंगावर प्लॅस्टराच्या पट्ट्या रूढ केल्या, त्या याच गुणांमुळे.

मूर्तिकारांनाही याच गुणांनी मोहिनी घातली. शाडूची किंवा चिकणमातीची मूर्ती आकसत वाळते, भर पावसाळ्यात तिला अनेक दिवस लागतात, ती जड असते व धक्क्याने भंगते. प्लॅस्टराची पोकळ मूर्ती अर्ध्या तासात साच्यातून सुटते आणि दूरच्या गावी सुखरूप जाते. महालातील चितार ओळीसारख्या नागपूरच्या जुन्या मूर्तिकार-वस्तीत हाताने मातीची मूर्ती घडविणाऱ्यास या स्वस्त व चटकन होणाऱ्या मालाशी स्पर्धा करावी लागली. दोष द्यावयाचा तर तो प्लॅस्टर वापरणाऱ्या कारागिराला देऊन भागत नाही. मोठी, हलकी व स्वस्त मूर्ती मागणारा भक्तही त्यात आला.

विसर्जनाच्या वेळी दोन्ही पदार्थांतील भेद उघड होतो. न भाजलेल्या मातीत पाणी कणांच्या दरम्यान असते. ते वाळून गेले तरी कोणतेही नवे संयुग झालेले नसते. अशी मूर्ती पाण्यात ठेवली की पाणी पुन्हा कणांत शिरते, कण सुटतात व काही तासांत चिखल होतो. प्लॅस्टराच्या मूर्तीने आपले पाणी साच्यात असतानाच घेतलेले असते. तलावात बुडविली जाते ती वस्तू प्लॅस्टर नसून जिप्सम असते आणि आणखी पाणी घेण्याची तिला गरज उरलेली नसते. तिला केवळ विरघळता येते, आणि जिप्समाची विद्राव्यता एका लिटरमागे सु. २.४ ग्रॅ. एवढी तुटपुंजी आहे. एक किलोग्रॅम जिप्सम विरघळण्यास सु. ४०० लिटर, तर पाच किलोग्रॅम वजनाच्या मूर्तीला २,००० लिटरहून अधिक ताजे पाणी हवे. दहा हजार लिटरच्या कृत्रिम हौदात अशा पाच मूर्तीही विरघळणार नाहीत. सहावीपासून पाणी संतृप्त असेल.

नागपूरच्या दक्षिणेकडील सक्करदरा तलाव हा भोसलेकालीन तलाव असून फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव या तलावांप्रमाणे तेथेही गणपतींचे विसर्जन होत असे. अशा तलावांत पाणी वाहते नसते. मूर्तीच्या लगतचे पाणी लवकर संतृप्त होते व हलत नसल्याने पुढचे विरघळणे थांबते. वर तैलरंगाचा लेप असतो आणि तळाच्या गाळाने मूर्ती झाकली जाते. म्हणून वर्षानंतर पाणी ओसरल्यावरही हात, सोंड, प्रभावळ ओळखू येण्याजोगी उरतात, हे दृश्य अनेकांच्या परिचयाचे आहे. विरघळलेला भागही निरुपद्रवी नसतो. जिप्समाने संतृप्त पाण्याचा कठीणपणा, कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात मोजल्यास, लिटरला सु. १,४०० मिग्रॅ. एवढा होतो, तळच्या ऑक्सिजनविरहित गाळात सूक्ष्मजंतू सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधी विषारी वायू तयार करतात. रंगांतील जड धातूंचा प्रश्न याहून वेगळा व काही बाबतींत अधिक गंभीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासंबंधी २०१० साली मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०२० मध्ये ती सुधारून प्लॅस्टराच्या मूर्तींना मनाई सुचविली. नागपूर महानगरपालिका गेल्या काही वर्षांत तलावांत विसर्जन होऊ न देता काठावर व वस्त्यावस्त्यांत कृत्रिम हौद ठेवीत आली आहे. हौदांनी तलाव वाचतो. मूर्ती मात्र हौदातही जिप्समच राहते व पुढे कोठे तरी न्यावी लागते.

विरघळत नसेल तर विक्रियेने मोडावे, हा मार्ग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचविला व पुणे महानगरपालिकेने तो घरगुती विसर्जनासाठी प्रचारात आणला. मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटाच्या विद्रावात बुडवून ठेवतात. हे लवण बेकरीत खारी-बिस्किटे फुलविण्यासाठी वापरतात, त्यामुळे ते परके नाही. कॅल्शियम कार्बोनेट जिप्समापेक्षा कितीतरी कमी विद्राव्य असल्याने कॅल्शियम त्या रूपात खडूसारखा तळाशी बसतो व सल्फेट अमोनियमाबरोबर विद्रावात जाते. विद्रावातील कॅल्शियम सतत कमी होत राहिल्याने जिप्समाचे विरघळणे थांबत नाही. वजनाने पाहता १७२ भाग जिप्समास १५८ भाग अमोनियम बायकार्बोनेट लागते, म्हणजे मूर्तीच्या वजनाएवढे लवण घेतले तर पुरते. विद्राव मधूनमधून ढवळावा लागतो, अमोनियाचा वास येत असल्याने भांडे मोकळ्या हवेत ठेवावे लागते आणि रंग व काथ्या वेगळे काढावे लागतात. उरणारा अमोनियम सल्फेटाचा विद्राव पुष्कळ पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतो. तो तलावात ओतणे मात्र चुकीचे, कारण अमोनिया माशांना घातक आहे.

ही विक्रिया नवी नाही. बिहारमधील (आता झारखंडमधील) सिंद्री येथील खत कारखान्यात १९५१ पासून जिप्सम, अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून याच तत्त्वाने अमोनियम सल्फेट मोठ्या प्रमाणावर तयार करीत आणि मागे राहणारा कॅल्शियम कार्बोनेटाचा गाळ सिमेंटसाठी उपयोगात आणीत. घरच्या बादलीत १७२ भाग मूर्तीपासून १०० भाग खडू, १३२ भाग खत, ४४ भाग कार्बन डाय-ऑक्साइड आणि ५४ भाग पाणी निघते. त्या ५४ भागांपैकी ३६ भाग हे जिप्समाचे स्फटिकजल असते.